हरिश्चंद्राच्या फॅक्टरीतले नोकरदार

नटांच्या संघटनेचा विषय काढला की नाटकवाल्यांपैकीच कुणीतरी म्हणतं, ‘कला ही साधना आहे, तिथं युनियन आली की तिसऱ्या घंटेऐवजी गिरणीचा भोंगा वाजेल.’ ऐकायला झकास. पण निदान नाशिककरानं तरी हे म्हणू नये.

आपल्या सिनेमाची पहिली नटमंडळी पगारीच होती. अण्णा साळुंके मुंबईच्या एका खानावळीत महिना १० रुपयांवर राबत होते. नाशिकच्याच दादासाहेब फाळक्यांनी १५ देऊ केले आणि ‘राजा हरिश्चंद्र’ला तारामती मिळाली. सिनेमात काम करणं तेव्हा लाजिरवाणं होतं, म्हणून कुणी विचारलं तर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत’ असं सांगा, अशी फाळक्यांची सूचना असे. थापच ती, पण या धंद्याचं इतकं खरं वर्णन मला दुसरं सापडलेलं नाही.

‘आमच्याकडे सगळं घरच्यासारखं असतं, कागद कशाला?’ हा दुसरा आक्षेप. घरात पैशांची तारीख विचारणं वाईट दिसतं, ही निर्मात्याची केवढी सोय! मालिकेत आज केलेल्या कामाचे पैसे ९० दिवसांनी मिळण्याची रीत याच घरोब्यावर टिकून आहे. आणि घरोब्याचं काय होतं, ते नाशकात १९१८ साली उभ्या राहिलेल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीला विचारा. भागीदारांशी बिनसलं तेव्हा खुद्द फाळके कंपनी सोडून काशीला गेले. १९२२मध्ये परतले ते महिना १००० रुपये पगारावर. संस्थापकालाही शेवटी नोकरीचा आकडा ठरवून घ्यावा लागला! १९४४मध्ये नाशकातच ते विपन्नावस्थेत वारले.

नाशकात मुक्कामाला असलेल्या नाटक कंपनीतून दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’साठी कॅमेऱ्यापुढे आल्या. कमलाबाईंचे नातू विक्रम गोखले यांनी वृद्ध कलावंतांच्या निवाऱ्यासाठी पौडजवळची आपली जमीन दिली. हे मोठं मन वंदनीयच. तरी प्रश्न उरतो: आयुष्यभर काम केलेल्या माणसाचं म्हातारपण दुसऱ्या नटाच्या दातृत्वावर का अवलंबून असावं?

‘नियम लावले तर चित्रीकरणं पळतील’ हा धाक पोकळ आहे. २०२१मध्ये मालिका गोव्याला गेल्या त्या टाळेबंदीमुळे. संघटनेमुळे नव्हे. उलट २०२३मध्ये अमेरिकेतल्या नटांनी ११८ दिवस काम बंद ठेवलं आणि यंत्रानं आपली हुबेहूब प्रतिमा वापरण्याआधी संमती घ्यावी आणि मोबदला द्यावा लागेल, हे लिहून घेतलं. हॉलिवूड जागच्या जागी आहे.

संघटनांवर माझाही राग आहे. त्यांचं सगळं चित्त अंधेरी-गोरेगावात. नाशिकचा पोरगा कार्डासाठी मुंबईच्या खेपा घालतो. मग शाखा इथं मागा की! कायदा तर आहेच. सिनेकामगाराशी लेखी करार करायला १९८१च्या कायद्यानंच सांगितलं होतं. २०२०च्या कामगार संहितेनं त्या चौकटीत मालिका आणि वेबमालिकाही घेतल्या. रंगमंचावरचा नट मात्र तिथंही नाही. कालिदास कलामंदिरात प्रयोग संपल्यावर तो अजून नाइटच्या पाकिटाची वाट पाहत विंगेत उभा असतो, आणि पाकीट तिथल्या तिथं उघडून मोजायला लाजतो.