धर्माची गाय आणि तिचे दात

दिवाळीच्या चार दिवसांत महाराष्ट्रातल्या घराघरांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो : 'चकली कशी झाली?' विचारणारी असते ती करणारी. सोऱ्या दाबून दाबून जिचा खांदा भरून आलेला असतो, तीच बशी पुढे करून मत मागते. आणि घरातले शेंडेफळसुद्धा बेधडक सांगून टाकते की, यंदा चकली फार कडक झाली आहे. त्याच्यावर कोणी डोळे वटारीत नाही. फार तर आई म्हणते, 'मोहन कमी पडलं वाटतं,' आणि पुढचे पीठ भिजवताना ते वाढवते. खाणाऱ्याचे मत करणाऱ्याच्या हातापर्यंत असे पोचते म्हणूनच आपले स्वयंपाकघर पिढ्यान्‌पिढ्या सुधारत आले आहे.

मला मात्र आज चकलीवर लिहावयाचे नाही. लिहावयाचे आहे ते पाटीएवढ्या एका यंत्रावर, ज्याला आपली मुले 'टॅब' म्हणतात. मी पडलो शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. यंत्रविद्येत मला गती नाही, आणि ती असल्याचा आवही मी आणीत नाही. पण यंत्र हाती घेणाऱ्या मुलांचे चेहरे मी रोज पाहतो, आणि तेवढ्या अधिकारावर माझे म्हणणे मांडतो. ते असे की, आपल्या देशात यंत्र देणारा बोलतो, विकणारा बोलतो, समारंभात फीत कापणारा तर बोलतोच बोलतो. ज्याने ते वापरावयाचे त्याला मात्र कोणी विचारीत नाही. आणि त्याने न विचारता तोंड उघडलेच, तर 'धर्माची गाय आणि दात कां गं नाय?' ही म्हण त्याच्या तोंडावर मारली जाते.

'आकाश'ची कथा आठवा. दिनांक ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत मोठा सोहळा झाला. जगातला सर्वांत स्वस्त टॅब म्हणून त्याचे नाव देशोदेशी गाजले. सरकारला तो सुमारे २,२७६ रुपयांना पडावयाचा आणि विद्यार्थ्याला त्याच्या निम्म्या किमतीत मिळावयाचा. तेव्हाचे शिक्षणमंत्री कपिल सिब्बल यांनी तो विद्यार्थ्यांच्या हाती दिला. कल्पना थोर होती, यात शंका नाही. खेड्यातल्या पोराच्या दप्तरात ग्रंथालय घालून देण्याचा मनसुबा कोणाला आवडणार नाही? मलाही आवडला होता. वर्गात फळ्यावर चित्र काढून मीच तो मुलांना समजावून सांगितला होता.

मग तो मुलांच्या हाती पडला, आणि मुलांनी मत दिले. ते असे : पडद्याला नुसता स्पर्श करून भागत नाही, तो दाबावा लागतो. यंत्र मंद आहे. ते तापते. बॅटरी दोन-तीन तासांत मान टाकते. या मतांत एकही शब्द अवास्तव नव्हता. आत प्रक्रियायंत्र होते ३६६ मेगाहर्ट्‌झचे, स्मृती २५६ मेगाबाइटची, आणि पडदा दाबावर चालणारा. अशा यंत्राकडून दुसरे काय होणार? तरीही कित्येक शहाण्यांनी मुलांनाच दटावले. हजार-अकराशे रुपयांत तुम्हांला काय आकाशातले तारे हवेत? मिळते आहे ते गोड मानून घ्या!

मौज पुढेच आहे. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश'ची दुसरी आवृत्ती आली. आता हे काम मुंबईच्या आय. आय. टी.कडे आले होते. पडदा स्पर्शाने चालणारा झाला, वेग एक गिगाहर्ट्‌झवर गेला, स्मृती दुप्पट झाली, बॅटरी मोठी झाली. आणि विद्यार्थ्याला तो पडावयाचा होता १,१३० रुपयांना, म्हणजे जवळजवळ पूर्वीच्याच किमतीला! आता सांगा, मुलांचे काय चुकले होते? तेवढ्याच पैशांत बरी वस्तू होऊ शकत होती. दोष गरिबीचा नव्हता. दोष होता आधी न विचारण्याचा. पण पहिल्या वस्तूची अपकीर्ती दुसरीच्या आधी सर्वत्र पोचली होती. 'आकाश'चा बोलबाला पुढे हळूहळू विरून गेला, आणि आज माझ्या वर्गातल्या मुलांना ते नावही ठाऊक नाही.

यावर कोणी म्हणेल, तज्ज्ञांनी प्रयोगशाळेत यंत्र तपासले की झाले, पोराटोरांच्या मतांची गरज काय? तर त्या तज्ज्ञांनी मे महिन्यात आमच्या वरोऱ्यास यावे. चंद्रपूर जिल्ह्यात तेव्हा पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांवर चढतो. आयपॅडसारख्या महागड्या यंत्राचा निर्मातासुद्धा सांगतो की, हे शून्य ते पस्तीस अंशांच्या हवेत वापरा. आमच्याकडे मार्च संपला की पस्तीस अंश ही सकाळची गोष्ट होते! पत्र्याच्या खोलीत बसून यंत्राशी झुंजणाऱ्या मुलाचे मत हीच येथे खरी प्रयोगशाळा. विजेचे तर बोलावयासच नको. चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र २,९२० मेगावॅटचे; कोळसा आमचा, राख आमची, धूर आमचा. आणि खेड्यावर संध्याकाळी अंधार पडला, तर तोही आमचाच! बॅटरी तीन तास चालते की आठ, हा दिल्लीत सोयीचा प्रश्न असेल. येथे त्यावर रात्रीचा अभ्यास अवलंबून असतो.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी कोणा दात्याकडून काही टॅब आमच्या मुलांना मिळाले. दात्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. हेतू चांगलाच होता. दिवाळीची सुटी संपली होती. जवळच्या खेड्यातून येणारी सातवीतली एक मुलगी पडद्यावर बोट फिरवीत बसली होती. अक्षर उमटेना. शेजारच्या मुलाचे उमटत होते, हिचे नाही. मी जवळ गेलो, तशी तिने हात पाठीमागे लपवला आणि म्हणाली, 'सर, माह्यं बोटच बरं नाही जी.'

मी तिचा हात पाहिला. सुटीभर आईबरोबर कापूस वेचून बोटांची टोके सुकून खरखरीत झाली होती. बोंडांच्या टोकांचे ओरखडे ठिकठिकाणी होते. असल्या कोरड्या, घट्टे पडलेल्या बोटाचा स्पर्श पुष्कळदा या पडद्यांना नीट उमगत नाही, हे मला नंतर कळले. पण त्या मुलीने दोष कोणाला दिला? यंत्राला नाही, देणाऱ्याला नाही. स्वतःच्या बोटाला! कापसाच्या मुलखात जे यंत्र द्यावयाचे, ते कापूस वेचणाऱ्या बोटाला ओळखते की नाही, हे कोणी पाहिले होते? वाचकहो, मत विचारले जात नाही तेथे माणूस गप्प बसतो, एवढेच होत नसते. तो हळूहळू स्वतःलाच नालायक समजू लागतो. सगळ्या तक्रारींहून मला ही गोष्ट अधिक भयंकर वाटते.

म्हणूनच आमच्या अंगणवाडीच्या बायांचे मला कौतुक वाटते. पोषणाची नोंद ठेवण्यासाठी सरकारने त्यांना मोबाइल दिले. ते तापत, मध्येच अडकून बसत, दुरुस्तीचा भुर्दंड बाईंच्याच माथी. त्यात नवे ॲप आले ते इंग्रजीतून भरावयाचे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी ते फोन सरकारच्या कचेऱ्यांत नेऊन परत केले. वापरणाऱ्याने दिलेले इतके स्पष्ट मत मी दुसरे पाहिलेले नाही. 'आमची बोटे वाईट' असे त्या म्हणाल्या नाहीत. 'तुमचे यंत्र वाईट' असे त्या म्हणाल्या, आणि त्यांत कामचुकारपणा नव्हता. काम नीट करता यावे, एवढेच त्यांचे मागणे होते.

उलट बाजूचेही एक शहाणपण ऐकू येते : टॅबच नको, मुले बिघडतात, पाटी-पेन्सिल काय वाईट होती? असे म्हणणाऱ्यांची स्वतःची मुले कोणत्या पाटीवर शिकतात, हे एकदा त्यांच्या घरी जाऊन पाहावे. गडचिरोलीच्या जंगलातल्या मुलाला स्पर्धा द्यावयाची आहे ती पुण्याच्या मुलाशी. त्याच्या हातून यंत्र काढून घेणे हा त्याच्या तक्रारीवर उपाय नव्हे. चकली कडक झाली म्हणून कोणी दिवाळी बंद करीत नाही.

राहिली ती धर्माची गाय. बाबा आमट्यांनी १९४९ साली याच वरोऱ्याच्या माळावर आनंदवन उभारले, ते दान माणसाला पंगू करते आणि काम त्याला उभे करते या श्रद्धेवर. त्या मातीत राहून मी विचारतो, ही गाय धर्माची आहे हे ठरवले कोणी? बापाने विकत घेतलेल्या काडेपेटीतसुद्धा सरकारचा कर आहे. त्याच पैशांतून आलेली गाय त्याच्या दारी बांधताना दात मोजू नकोस म्हणणे, हा कोठला न्याय?

माझे मागणे मोठे नाही. यापुढे शाळेसाठी हजारो टॅब विकत घेण्याआधी त्यांतले वीस वरोऱ्याच्या, सिरोंच्याच्या, भामरागडच्या मुलांना द्यावेत. एप्रिल-मे महिन्यांत, घरी नेण्यासाठी. महिन्याने त्यांना मराठीत आणि जेथे मुले गोंडी-माडिया बोलतात तेथे त्यांच्या बोलीत विचारावे : कसा चालला? जे सांगतील ते जसेच्या तसे छापावे, आणि तोवर विकणाऱ्याचे पैसे चुकते करू नयेत. दुरुस्तीचे दुकान तालुक्याच्या गावी असावे, नागपूरला नव्हे.

आपल्या घरी एवढी रीत पाळली जाते. ती मुलगी आता मोठी झाली असेल. यंदाच्या दिवाळीत तिच्याही घरी बशी पुढे करून कोणीतरी विचारील, 'कशी झाली?' आणि ती खरे तेच सांगेल. शाळेत मात्र तिला हे कोणी विचारले नव्हते. मीसुद्धा नाही.