गोइंग टू होम

‘इंग्रजी शिकवायला परदेशी जातोय,’ असं मराठी मुलाने घरी सांगितलं की हटकून प्रश्न येतो, ‘का, तिकडचे गोरे संपले?’ प्रश्न खोचक, पण अगदीच बिनबुडाचा नाही. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा ई-२ व्हिसा मुळात सातच देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. २०१० साली अमलात आलेल्या भारत-कोरिया करारात आपल्यासाठी दार किलकिलं झालं, तेही सहायक शिक्षकापुरतं आणि अध्यापनाचं प्रमाणपत्र हाती असेल तरच. टोरांटोच्या मुलाला मात्र खासगी क्लासात शिकवायला भूगोलाची पदवीही चालते!

यामागचा समज एकच: मातृभाषा ज्याची, शिकवण्याचा अधिकार त्याचा. भाषाभ्यासक रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२च्या पुस्तकात हा भ्रम असल्याचं दाखवलं. पण तितक्या लांब कशाला जायचं? ‘मी गेलो’ म्हणणारा बाप्या ‘मी भाकरी खाल्ली’ का म्हणतो, हे आपल्यापैकी किती जणांना समजावून सांगता येईल? बोलतो बिनचूक, कुणी कारण विचारलं की ‘असंच असतं’ म्हणून सुटतो.

जपानी वाक्य घ्या: ‘वाताशी वा गाक्को नी इकिमास.’ शब्दाला शब्द ठेवला तर ‘मी शाळेला जातो’. क्रियापद शेवटी, ‘ला’ नामाच्या मागून. कोरियनचीही तीच तऱ्हा. ‘अ’ आणि ‘द’ची भानगड या दोन्ही भाषांत नाही, मराठीतही नाही. म्हणून ओसाकातला विद्यार्थी ‘आय ॲम गोइंग टू होम’ म्हणतो, तेव्हा सांगलीच्या शिक्षकाला ती चूक घरचीच वाटते. सातवीत त्याने स्वतः ती केलेली असते, त्यापायी छडी खाल्लेली असते. ‘स्कूल’ला ‘टू’ लागतो, मग ‘होम’ने काय पाप केलं, हा प्रश्न त्यालाही पडून गेलेला असतो. लंडनकराला तो कधी पडतच नाही. उच्चारात आणि ताज्या बोलीत तो सरस, हे मान्य. पण नवशिक्याची गाडी अडते ती बहुधा ‘टू होम’पाशी.

उरला दुसरा आक्षेप: ही चार दिवसांची मौज, करिअर कसलं? मौजेसाठी जाणाऱ्यांची ती मौजच असते. परदेशी तरुणांना शाळांत शिकवायला बोलावणाऱ्या जपानच्या १९८७पासूनच्या सरकारी ‘जेट’ योजनेतही पाच वर्षांहून जास्त राहता येत नाही. टिकतो तो पुढची पायरी चढणारा: आधी केंब्रिजचं ‘सेल्टा’ हे इंग्रजी अध्यापनाचं प्रमाणपत्र, मग त्याच्या वरचं ‘डेल्टा’ किंवा एम.ए., मग विद्यापीठ नाहीतर शिक्षक-प्रशिक्षण.

आपल्याकडे घरबसल्या मिळणाऱ्या प्रमाणपत्रांवरही सेल्टासारखेच ‘१२० तास’ छापलेले असतात. पैसे भरण्याआधी विचारावं, यातले किती तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर उभं राहायचं? सेल्टात ते सहा असतात, आणि तेवढा वेळ प्रशिक्षक मागे बसून आपल्या चुका टिपत असतो.