चटई कुणाची?



सरकारी मराठीत एफएसआयला चटईक्षेत्र म्हणतात. हसू येतं. चटई आमच्याइतकी कुणाला ठाऊक? परळच्या खोलीत पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच चटईवर आडवा व्हायचा. तेव्हा शहाणे म्हणायचे, किती गर्दी करतात ही माणसं! आज गिरण्यांच्या जमिनीवर साठ-साठ मजले चढतात. ती गर्दी नाही. तो विकास!

शहाण्यांची दोन टोळकी भांडतायत. एक म्हणतं, उंच बांधू द्या, घरं वाढतील, भाव उतरतील. बांधलं की उंच! भाव किती उतरला ते लोअर परळला जाऊन विचारा. दुसरं म्हणतं, पुरे, पाणी-रस्ते पुरायचे नाहीत. गर्दी नको म्हटलं की आधी उठवतात कुणाला? आपल्याला. जमीन कुणाच्या हातात, हे दोघंही विचारत नाहीत.

१९९१ च्या नियमानं गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे केले. एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ साली नियम फिरवला. वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या तुकड्याची. जिच्यावर गिरणी उभी होती ती जमीन सुटली. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते कायम केलं.

१९८२ च्या संपात आज्ज्याची खोली गेली. आम्ही टिटवाळ्याला फेकलो गेलो. मी भिवंडीत लूमवर बारा तास उभा. आई पहाटेच्या लोकलनं एका टॉवरात भांडी घासायला जाते. तिची लिफ्ट वेगळी. गिरणी कामगारांना घरं दाखवली ती शेलू-वांगणीला, बदलापूरच्याही पुढं. २०२५ च्या जुलैत म्हातारे कामगार आझाद मैदानात जमले : घर मुंबईतच द्या.

हे गावकूसच आहे. फक्त आता त्याला रेल्वेचा पास लागतो.

आपल्यातलेच काही म्हणतात, मिळतंय ते घ्या, लांब असलं तरी पक्कं आहे. बाबासाहेबांनी गाव सोडा म्हटलं ते शहराच्या वेशीबाहेर बसायला नव्हे. ते स्वतः परळच्या बीआयटी चाळीत राहिले, गर्दीत. चळवळ त्याच गर्दीत वाढली. पांगलेल्या माणसांचा मोर्चा निघत नाही, हे वरच्यांना बरोब्बर कळतं.

म्हणून आपली मागणी सरळ ठेवा. उंच बांधा, हवं तेवढं बांधा. पण प्रत्येक चढत्या मजल्यात कामगाराचा वाटा कायद्यानं पाहिजे. त्याच जमिनीवर. त्याच लिफ्टनं. चटई जिथं अंथरली होती, तिथंच.