समुद्र म्हणजे निळी जमीन नव्हे

टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी खेळात आरमाराचा 'बॅलन्स' बिघडला की उपाय ठरलेला असतो: मोठ्या जहाजाची ताकद पाचने कमी करा, छोट्याची पाचने वाढवा, पॅच सोडा. मी पोटासाठी कोड लिहितो, त्यामुळे आकडा बदलणं किती स्वस्त असतं ते मला ठाऊक आहे. पण इथलं दुखणं आकड्यात नाहीच, नकाशात आहे.

'सिव्हिलायझेशन ६' घ्या. युनिटचं आरोग्य १००. ताकद सारखी असेल तर एका फटक्यात साधारण ३० जातात. ३०चा फरक असेल तर समोरचा जवळपास एकाच फटक्यात संपतो. जमिनीवर या गणिताला टेकड्या, जंगल, नदी आडवे येतात. भालेवाल्याला घोडदळाविरुद्ध १० जास्तीचे मिळतात. आणि समुद्रावर? वाऱ्याला दिशा नाही, भरती-ओहोटी नाही. छोट्या गॅलीला सुरुवातीला खोल समुद्रात जायला मनाई आहे, ते ठीक. पण अवजड युद्धनौकेला उथळ पाण्यात शिरताना कोणी अडवत नाही. नियम एकाच बाजूला लावलाय, तोही दुबळ्याच्या!

आता आपल्या कोकणात या. १६७९ साली शिवाजी महाराजांच्या माणसांनी मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांनी जहाजं आणून नाकेबंदी केली. नुसत्या तोफा मोजल्या असत्या तर निकाल तिथेच लागला असता. पण मराठ्यांच्या लहान होड्या रात्री वल्ही मारत रसद घेऊन आत शिरत राहिल्या, आणि इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना त्या काही आवरल्या नाहीत. किल्ला उभा राहिला.

पुढे आंग्र्यांच्या आरमाराने याचं शास्त्रच केलं. गुराब उथळ तळाची, नाळेवर पुढे रोखलेल्या तोफांची. गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की गलबतं गुराबांना ओढून नेत. शत्रूच्या बाजूला तोफांची रांग असते, म्हणून मागून गाठायचं, डोलकाठ्या आणि शिडं फोडायची, जहाज लंगडं झालं की गलबतांतली माणसं वर चढवायची. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, तरी किल्ला पडला नाही.

याचा अर्थ गलबताला ताकद ६० द्या असा नाही. भर समुद्रात ते मार खायलाच हवं. १७५६ साली विजयदुर्गाच्या खाडीत दाटीने नांगरलेलं तुळाजी आंग्र्यांचं आरमार इंग्रजांच्या माऱ्याने पेटलं आणि एका जहाजावरून दुसऱ्यावर जात आगीत संपलं. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. बंदरात अडकलेल्या चपळाईला काही किंमत नसते, हेही खेळात दिसू दे.

म्हणून मागणं साधं आहे. उथळ पाण्यात मोठं जहाज रुतू दे. काही टर्ननंतर वारा फिरू दे. वल्ह्यांच्या बोटीला त्याची पर्वा नसू दे. मागून केलेल्या हल्ल्याला वेगळं मोल द्या. पावसाळ्यात शिडाच्या जहाजांना बंदर गाठायला लावा.

"खेळ म्हणजे इतिहासाचा तास नाही, मजा महत्त्वाची," असं म्हणणारे येतीलच. मग टेकडीवरच्या सैनिकाला फायदा कशाला देता? तिथे कोणी इतिहासाचा तास म्हणून कुरकुरत नाही. उलट टेकडी आधी कोण गाठतो यातच मजा असते. समुद्राला टेकड्या नसतात. त्याच्याकडे वारा आहे, खोली आहे, ऋतू आहे. ते काढून घेतलं की उरतो निळा रंग, आणि ज्याने आधी तंत्रज्ञान शोधलं त्याचा बुलडोझर.

नागपूरहून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. इथल्या पुष्कळ पोरांना तो आधी मोबाइलच्या स्क्रीनवरच भेटतो. तो भेटताना 'अंगाने मोठा तोच जिंकतो' एवढंच शिकवणार असेल, तर तो खेळ असंतुलित नाही, खोटा आहे. आणि खोटेपणा पाच आकडे इकडेतिकडे करून दुरुस्त होत नाही.