सूत्र आणि प्रकरणवश

युनिक्स प्रणालीत ठरलेल्या वेळी ठरलेले काम करवून घेणारा 'क्रॉन' १९७० च्या दशकापासून वापरात आहे. त्याला द्यावयाची आज्ञा एका ओळीची असते: मिनिट, तास, तारीख, महिना, वार ही पाच पदे आणि त्यांपुढे काम. सूत्रवाङ्मयाबाहेर इतकी अल्पाक्षरी रचना आम्हांला क्वचितच आढळली आहे.

परंतु अल्पाक्षरी ओळ असंदिग्ध असतेच असे नाही. '० ० १३ * ५' ही ओळ पाहून कोणीही म्हणेल, १३ तारखेला शुक्रवार आला की मध्यरात्री काम व्हावे. क्रॉन मात्र तारीख आणि वार दोन्ही नेमलेले असल्यास त्यांत 'किंवा' वाचतो. काम दर १३ तारखेला होते आणि दर शुक्रवारीही. ते काम जुन्या नोंदी पुसण्याचे असेल, तर हा अन्वयाचा घोटाळा कोणाच्या तरी श्रमांवर बेततो.

महानुभावांनी सूत्रपाठाला 'प्रकरणवशा'ची जोड दिली. कोणते वचन कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले, हे त्यात सांगितले. क्रॉनच्या कोष्टकातही तशी सोय आहे. '#' या चिन्हाने सुरू होणारी ओळ यंत्र वगळते. ती केवळ माणसासाठी असते. काम कशासाठी नेमले आणि केव्हा थांबवावे, हे तेथे लिहिणे व्यवस्थापकाचे कर्तव्य आहे, असे आमचे मत आहे. लिहिणारा नोकरी सोडून जातो. ओळ मात्र ठरल्या वेळी आपले काम करीत राहते.