लसीचा आग्रह धरावा, पण चौकशीचे दप्तरही उघडे ठेवावे

संपादक महाशयांस,

गोवराची साथ कोठे उद्भवली, की ज्या आईबापांनी मुलांस लस टोचून घेतली नाही त्यांच्यावर सक्ती करावी, त्यांच्या मुलांना शाळेत प्रवेश देऊ नये आणि त्यांच्या सरकारी सवलती रोखून धराव्यात, अशी मागणी पुढे येते. मागणी करणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. गोवराइतका संसर्गजन्य रोग क्वचितच असेल. त्याचा प्रसार रोखावयाचा तर शंभरांपैकी पंचाण्णव मुले संरक्षित असावी लागतात, आणि हे प्रमाण खाली घसरले म्हणजे काय होते ते 2022 च्या अखेरीस गोवंडीच्या वस्त्यांत दगावलेल्या बालकांनी मुंबईला दाखविले. लस टोचलीच पाहिजे, याविषयी माझे मत त्या मंडळींइतकेच ठाम आहे. परंतु ती टोचून घेण्यास जो कचरतो त्याला हुकमाच्या धाकाने वठणीवर आणता येईल ही समजूत आपल्याच इतिहासाने खोटी ठरविली आहे, आणि सरकारने आधी फेडावयाचे ऋण निराळेच आहे, असे मला नम्रपणे सुचवावयाचे आहे.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागातील रोग्यांची लक्षणे पाहून हा ग्रंथिक संनिपात, म्हणजे प्लेगच आहे, असे निदान डॉ. आकासियो व्हिएगस यांनी निर्भयपणे जाहीर केले. पुढल्या फेब्रुवारीत सरकारने साथरोग प्रतिबंधक कायदा मंजूर केला. त्यात अंमलदारांस अमर्याद म्हणता येतील असे अधिकार होते, आणि त्या अधिकारांखाली सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल त्यांच्यावर दावा चालणार नाही असे कलमही होते. त्या बळावर पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरे तपासली, माजघरापर्यंत बूट नेले, माणसे उचलून छावण्यांत टाकली, चीजवस्तू जाळल्या. आणि 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या जाऊन त्याचा जो शेवट झाला तो सर्वश्रुत आहे. रोग मात्र हटला नाही. लोक रोगी लपवू लागले, घरे सोडून पळू लागले, आणि त्यांच्याबरोबर प्लेगही गावोगाव गेला.

त्याच काही महिन्यांत मुंबईत दुसरा एक प्रयोग चालू होता. ओडेसा येथे जन्मलेले आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पटकीची लस सिद्ध करून हिंदुस्थानात आलेले वाल्डेमार हाफकिन यांस ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात एक खोली आणि तिला लागून असलेला व्हरांडा, एक कारकून व तीन शिपाई एवढ्या सरंजामावर प्लेगची लस तयार करण्यास सांगण्यात आले. त्यांनी मांसरसात जंतू वाढविले, उष्णता देऊन ते मारले, आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. नंतरच भायखळ्याच्या तुरुंगातील स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांस ती देण्यात आली. खोजा समाजाचे धर्मगुरू, वयाची वीस वर्षेही न भरलेले आगाखान यांनी लोकांसमक्ष टोचून घेतले आणि त्यांच्यामागून हजारो खोजा स्त्रीपुरुष आले. त्यांना कोणी बंदूक दाखविली नव्हती. ज्याच्यावर आपला विश्वास आहे तो मनुष्य स्वतः पुढे होत आहे एवढेच त्यांनी पाहिले होते. 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात जी प्रयोगशाळा थाटण्यात आली तिला 1925 साली हाफकिन यांचे नाव मिळाले, आणि आजही ते नाव मुंबईकरांच्या परिचयाचे आहे.

परंतु या कथेचा उत्तरार्ध आपण फारसा सांगत नाही, आणि माझ्या म्हणण्याचा आधार नेमका तोच आहे. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी एकशे सात माणसांस ही लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून ज्यांना टोचले ते एकोणीस जण धनुर्वाताने मेले, बाकीच्यांस काही झाले नाही. चौकशी नेमली गेली, दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला आणि हाफकिन यांस कामावरून दूर करण्यात आले. वास्तविक ती बाटली भरून एकेचाळीस दिवस झाले होते. इतक्या मुदतीत धनुर्वाताचे जंतू तिच्यात वाढत असते तर बूच काढताच दुर्गंधी सुटली असती, आणि तशी ती सुटली नव्हती. उलट, बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला, ही गोष्ट साक्षीत आली होती. हे सर्व कागद 1906 च्या अखेरीपर्यंत लोकांसमोर आले नाहीत. ते आल्यावर रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या वृत्तपत्रांतून सरकारला जाब विचारला, आणि 1907 च्या नोव्हेंबरात हाफकिन निर्दोष ठरले. एका थोर संशोधकाची उमेदीची वर्षे फुकट गेली, हा अन्याय झालाच. पण मला त्याहून मोठा अपराध वाटतो तो असा की, लस विषारी होती की टोचणाराचा हात गलथान होता, या साध्या प्रश्नाचे उत्तर पंजाबातील रयतेला चार-पाच वर्षे मिळाले नाही. अशा वेळी माणसे लसीवर संशय घेतात त्याला मी अज्ञान म्हणणार नाही. माहितीच्या अभावी सावध मनुष्य दुसरे काय करील?

आज आपण त्या काळापासून फार दूर आलो आहोत असे मानण्याचे कारण नाही. 8 मार्च 2021 रोजी कोरोनाची लस घेतलेल्या एका वृद्ध गृहस्थाचा तीव्र अ‍ॅलर्जीने मृत्यू झाला, आणि तो लसीमुळेच झाला हा सरकारी निष्कर्ष जूनमध्ये बाहेर आला. मधल्या तीन महिन्यांत काय काय अफवा पसरल्या ते वाचकांस आठवत असेल. याउलट, 31 जानेवारी 2021 ला यवतमाळ जिल्ह्यात बारा बालकांस पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे जंतुनाशक पाजले गेले तेव्हा चूक कोठे झाली हे दोन दिवसांत जगजाहीर झाले, जबाबदार कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली, मुले बचावली, आणि पोलिओच्या लसीला त्यात काडीचाही दोष नाही हे कोणालाही समजण्यासारखे होते. पुढे 2 मे 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कोणासही इच्छेविरुद्ध लस टोचता येणार नाही असे सांगितलेच, शिवाय लसीनंतर होणाऱ्या त्रासाच्या नोंदी जनतेला पाहता येतील अशी व्यवस्था करावी असेही केंद्र सरकारला बजावले. या निकालाचा पूर्वार्ध सर्वांच्या तोंडी आहे. उत्तरार्धाची आठवण करून देणारे थोडे.

अशा गोष्टी उघड केल्या तर लोक घाबरतील, असा आक्षेप अधिकारीवर्गाकडून नेहमी घेतला जातो. घाबरणे तर आताही चालूच आहे. फरक इतकाच की ते ऐकीव गोष्टींवर पोसले जाते. आणि त्याचा सारा भार येतो तो दारोदार हिंडणाऱ्या आशाताई आणि आरोग्यसेविका यांच्यावर. शेजारच्या गावातले मूल टोचल्यावर का दगावले, असे एखाद्या आईने उंबऱ्यावर विचारले तर त्या बाईंच्या हाती द्यावयास एक छापील कागदही नसतो. त्या मुलाला जन्मतःच हृदयविकार असेल, किंवा पाण्यात कालवलेली गोवराची लस चार तासांच्या आत टाकून द्यावयाची ती दुपारपर्यंत वापरली गेली असेल; दोन्ही उत्तरे ऐकावयास कठीण असली तरी ती ऐकून घेण्याइतकी समज खेड्यातल्या आईला निश्चित असते.

म्हणून राज्याच्या आरोग्य खात्याकडे माझे मागणे आहे. लसीनंतर घडलेल्या प्रत्येक गंभीर प्रकाराची चौकशी ठरावीक मुदतीत, फार तर एका महिन्यात, पुरी करावी. कुटुंबाचे नाव गुप्त ठेवून तिचा निष्कर्ष, लसीच्या खेपेचा क्रमांक आणि केलेली कारवाई सोप्या मराठीत छापून त्या त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लावावी व ग्रामसभेत वाचून दाखवावी. दोष लसीचा किंवा कर्मचाऱ्याचा ठरल्यास त्या कुटुंबास विनाविलंब साहाय्य द्यावे. हे एवढे झाल्यावर, आणि त्यानंतरही कोणी अडून बसला तर, सक्तीचा विचार अवश्य करावा. आपल्या पत्राचे बातमीदार जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. अशा चौकशांचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्यांनी दर महिन्याला जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांस विचारावा आणि मिळालेले उत्तर, किंवा न मिळाल्याची बातमी, आपण छापावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक