पीक बुडाले, पाप कुणाचे?

ऐन काढणीच्या तोंडावर पाऊस येतो, उभ्या सोयाबीनच्या शेंगांना कोंब फुटतात आणि मेहकर-चिखलीकडच्या गावांत एक प्रश्न हमखास कानावर पडतो: ‘आमीच काय पाप केलं व्हतं?’ विचारणाऱ्याला उत्तर नको असते. पण त्या प्रश्नात एक जुना हिशेब आहे. दुःख आले म्हणजे कुणाचे तरी चुकले. आपले चुकलेले आठवत नसेल तर मागच्या जन्मीचे, वाडवडिलांचे, नाहीतर फेडायच्या राहून गेलेल्या नवसाचे.

हा हिशेब एकाच धर्माचा नाही. बहुतेक समाजांनी तो कधी ना कधी मांडला आहे आणि ख्रिस्ती धर्मग्रंथातही तो मांडणारी माणसे भेटतात. तिथे मात्र मांडणाऱ्यांनाच शेवटी गप्प व्हावे लागते. संकटाकडे ख्रिस्ती दृष्टीने पाहणे म्हणजे काय, हे समजून घ्यायचे तर इथूनच सुरुवात करावी लागेल. बुलढाणा जिल्ह्यात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहूनही कमी आहे. तरी या दृष्टीचा आणि इथल्या दुःखाचा संबंध सव्वाशे वर्षांचा आहे, आणि तो दाट झाला तो दुष्काळात.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी वऱ्हाड पिळून निघाले. तेव्हाच्या बुलढाणा जिल्ह्यात चिखली, मलकापूर आणि मेहकर हे तीनच तालुके होते. खामगाव आणि जळगाव १९०५ मध्ये अकोल्यातून इकडे आले. १९०१ च्या जनगणनेत या तीन तालुक्यांत मिळून ४ लाख २३ हजार ६१६ माणसे भरली. दहा वर्षांपूर्वीपेक्षा हा आकडा सुमारे १२ टक्क्यांनी कमी होता. दर आठ माणसांमागे जवळपास एक माणूस कमी, असा त्याचा अर्थ.

पाऊस पडला नाही हे खरे, पण तेवढेच खरे नाही. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत खास फाटा टाकून रेल्वे आली. कापूस बाजारासाठी पिकू लागला आणि घरची ज्वारी विकत घेणाऱ्यांची संख्या वाढली. शेतात काम नाही म्हणून मजुरी नाही, आणि मजुरी नाही म्हणून बाजारात धान्य असूनही ते ताटात नाही, अशी ती उपासमार होती. दुष्काळाला आभाळाइतकाच बाजारही कारण होता. पाप-पुण्याच्या हिशेबात या कारणांना जागाच नसते, आणि हे आपण नीट लक्षात ठेवले पाहिजे.

याच काळात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेने अकोला आणि खामगाव इथे पोरक्या मुलामुलींसाठी अनाथालये चालवली. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत लेटन ट्रेसी यांनी बुलढाण्यात नाझरीन मिशनचे काम केले. याच मिशनच्या डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६ मध्ये भारतात आल्या आणि १९३८ मध्ये वाशीमला त्यांनी रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय उभे केले. या कामावर त्या काळीच आक्षेप घेतला गेला: भुकेल्याला भाकरी देऊन त्याचा धर्म घेतला. आक्षेप सरसकट खोटा ठरवता येत नाही. अनाथालयात आलेल्या सहा-सात वर्षांच्या पोराला निवड नव्हती. मात्र ते पोर जगले हेही तितकेच खरे आहे, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्याशिवाय तो इतिहास पुरा होत नाही.

आता त्या श्रद्धेच्या गाभ्याकडे येऊ. दुःख आणि देवाचा न्याय यांचा मेळ घालण्याच्या खटपटीला पाश्चात्त्य अभ्यासक थिओडिसी म्हणतात. आपण तिला देवन्यायाचा विचार म्हणू. बायबलमध्ये या विचाराचे सर्वांत मोठे पुस्तक ईयोबाचे. ईयोब सज्जन आहे, संपन्न आहे. एका दिवसात त्याची गुरे जातात, मुले दगावतात, मग अंगभर फोड येतात. तीन मित्र भेटायला येतात. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. आपल्याकडे मयताच्या घरी ‘बसायला जाणे’ म्हणतात, तेच ते.

आठव्या दिवशी सगळे बिघडते. मित्र बोलू लागतात. देव अन्याय करत नाही, तेव्हा तुझ्या हातून काहीतरी घडले असणारच, ते कबूल कर, असा त्यांचा धोशा. बेचाळीस अध्यायांच्या त्या ग्रंथाचा बराचसा भाग या वादाने भरला आहे. ईयोब हटत नाही. तो देवावर चिडतो, त्याला जाब विचारतो, जन्मालाच का आलो म्हणतो. आणि शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. देवाची बाजू घेऊन बोलणारे चुकीचे ठरतात आणि देवाशी भांडणारा खरा ठरतो. मात्र दुःख का आले याचे कारण ईयोबाला अखेरपर्यंत सांगितले जात नाही. हा ग्रंथ समजावणीपाशी थांबत नाही, आणि त्याची थोरवी मला त्यातच दिसते.

येशूच्या चरित्रात हाच प्रश्न दोनदा येतो. जन्मांध माणूस दाखवून शिष्य विचारतात की पाप याचे की याच्या आईबापांचे. येशू दोन्ही नाकारतो आणि लगेच त्या माणसाच्या डोळ्यांकडे वळतो. दुसरा प्रसंग लूकच्या शुभवर्तमानातला. शिलोह इथला बुरूज कोसळून अठरा जण मेले होते. ते इतरांपेक्षा जास्त पापी होते असे समजू नका, असे येशू स्पष्ट सांगतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याकडे जाणारी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. त्या बसमध्ये बसणे हा त्यांचा दोष नव्हता. बुरुजाच्या गोष्टीचा अर्थ कळायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही.

शिक्षा नाही, मग काय? इथे या परंपरेचा दुसरा घटक येतो: विलाप. इंग्रजीत त्याला लॅमेंट म्हणतात. दुःख देवापुढे मांडणे, तक्रार करणे, रडणे हाच प्रार्थनेचा प्रकार मानणे. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत आणि त्यांतली सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. गेथशेमाने बागेत येशू स्वतः हा प्याला टळावा म्हणून विनवतो, आणि वधस्तंभावर देवाने आपल्याला का सोडले असे ओरडून विचारतो. म्हणजे ‘आमीच काय पाप केलं व्हतं’ हा हंबरडा या श्रद्धेत नास्तिकपणाचा नाही. तो उपासनेतच बसतो.

तिसरा घटक मुख्य. ख्रिस्ती श्रद्धेच्या मधोमध एक छळलेला, खिळलेला देह आहे. देव दुःखाच्या पलीकडे बसून ते वाटत नाही, तर दुःखाच्या आत उतरतो, असे ही श्रद्धा सांगते. यातून ‘का’ या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. मिळते ती सोबत. आणि पुनरुत्थानाच्या आशेमुळे दुःख खरे असले तरी शेवटचे नाही, असे मानणाऱ्याला मानता येते. ही आशा पटणे न पटणे ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. तिचा परिणाम काय होतो हे मात्र कुणालाही पाहता येते.

तो पाहायचा असेल तर पंडिता रमाबाईंकडे पाहावे. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंचे घराणे तीर्थाटन करीत, पुराणे सांगत फिरणारे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि बहीण अन्नावाचून गेली. पुढे भाऊ गेला, १८८२ मध्ये पतीही गेले. पदरी तान्ही मनोरमा होती. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यावरून महाराष्ट्रात उठलेले वादळ सर्वांना ठाऊक आहे. कमी आठवले जाते ते हे की १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा या बाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना सोबत घेऊन आल्या. केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तिथली वस्ती दीड हजारांच्या घरात गेली.

भुकेने आपली माणसे का गेली, याचे उत्तर रमाबाईंना मिळाले असे त्यांच्या आयुष्यावरून दिसत नाही. भूक म्हणजे काय हे मात्र त्यांना आतून माहीत होते. त्या माहितीचे त्यांनी विहिरी, गोठे, हातमाग आणि छापखाना यांत रूपांतर केले. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. हाताशी आलेली लेक गेल्यावरही रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराची मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये ते भाषांतर प्रसिद्ध झाले. दुःखाचे प्रयोजन कळावे लागत नाही, त्याचा उपयोग करता येतो, हे इतक्या उघडपणे दाखवणारे दुसरे मराठी आयुष्य मला तरी सुचत नाही.

हा विचार मराठीत परका वाटला नाही, याचे श्रेय रेव्हरंड ना. वा. टिळकांना. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानत. तुकोबांचे दिवाळे निघाले आणि पहिली बायको गेली तीही दुष्काळातच. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेला अभंग, भजन आणि कीर्तन दिले, त्यामुळे मराठी मंडळीत विलाप टाळ-मृदंगावर गाता आला.

आता या दृष्टीच्या विकृतींकडे वळले पाहिजे, कारण त्याही आपल्या आसपास आहेत. एक आहे प्रॉस्पेरिटी गॉस्पेल, म्हणजे समृद्धीचे शुभवर्तमान. विश्वास पक्का असेल तर आजार जातो, कर्ज फिटते, असे ते सांगते. आजार गेला नाही की दोष पुन्हा आजाऱ्याच्या विश्वासाचा. ईयोबाचे मित्रच नवे कपडे घालून परत आले, असे हे आहे. कुणी प्रार्थनेच्या भरवशावर औषध थांबवायला सांगत असेल तर त्याला डॉ. स्पायकर यांचे रुग्णालय दाखवावे.

दुसरी विकृती अधिक सभ्य दिसते: सोसा, दुःखाने माणूस शुद्ध होतो. संकटातून धीर निपजतो असे संत पौलाने लिहिले आहे, पण ते स्वतः फटके खाऊन, तुरुंग भोगून लिहिले आहे. तेच वाक्य सावकाराने कर्जदाराला किंवा सासूने सुनेला ऐकवले की त्याचा अर्थ उलटतो. मोठा बौद्ध समाज असलेल्या या जिल्ह्याला हे नव्याने सांगायला नको. पूर्वजन्मीच्या कर्माने आजचे दारिद्र्य समजावले की समाजाची जबाबदारी संपते, हा डॉ. आंबेडकरांचा मुद्दा ‘देवाची इच्छा’ म्हणणाऱ्या ख्रिस्ती माणसालाही तितकाच लागू आहे.

जबाबदारीचा प्रश्न आज इथे कसा उभा आहे? कोरडवाहू जमीन, कापूस आणि सोयाबीन, कृषी केंद्रातून उधारीवर बियाणे-खते, पीक आल्यावर पडलेला भाव. जुलै २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज दिले त्यांत बुलढाणा होता. शेतकरी आत्महत्येची प्रकरणे आजही ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ ठरतात. कुटुंबाकडे जमीन होती का, कर्ज बँकेचे की परवानाधारक सावकाराचे, वसुलीचा तगादा होता का, हे तपासले जाते आणि पात्र कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. नियमांशिवाय सरकार चालत नाही हे मान्य. पण मेलेल्या माणसाचे दुःख पुरेसे होते का, हे त्याच्या विधवेला कागदांनी सिद्ध करावे लागते.

कर्जापेक्षा कर्जाची लाज जास्त पोखरते, हे गावात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. ‘तोंड दाखवायला जागा उरली नाही’ या वाक्याच्या मुळाशी तोच हिशेब आहे: बुडालो म्हणजे मीच नालायक. ख्रिस्ती दृष्टीचे मोल मला इथे सर्वांत अधिक वाटते, धर्म बदलण्याशी त्याचा काडीचा संबंध नसताना. ती माणसाला सांगते की तुझे बुडणे हा तुझ्यावरचा निकाल नाही, तू ओरडू शकतोस, आणि ओरडताना तू एकटा नाहीस. भाव, विमा, सिंचन यांचा जाब सरकारला विचारण्याच्या आड ती येत नाही, येऊ देऊही नये. राज्य शासनाच्या प्रेरणा प्रकल्पात आशा ताई घरोघरी जाऊन खचलेली माणसे शोधतात आणि त्यांना समुपदेशनापर्यंत पोहोचवतात. खचलेल्याला दोष न देता त्याच्याशी बोलणे हेच त्या कामातही करायचे असते. चर्चमधल्या पाळकांनी, विहारातल्या उपासकांनी आणि हरिपाठाला जमणाऱ्या मंडळींनी आपापल्या गावच्या आशा ताईला विचारावे की कोणत्या घरी जाऊ.

जाण्याची वेळही ठरलेली आहे. मयताला सगळे गाव येते. दहावा होतो, तेरावा होतो, मांडव निघतो, पाहुणे एसटीने परततात. मग बँकेची नोटीस येते, मुलाची फी भरायची राहते, पेरणी तोंडावर येते. ईयोबाच्या मित्रांनी सात दिवस बरोबर काढले आणि आठव्या दिवशी घोडचूक केली. आपल्या गावांत आठव्या दिवसाच्या जागी चौदावा दिवस येतो, आणि त्या दिवशी त्या ओट्यावर बहुधा कुणीच बसलेले नसते.